फाटकाशी उभा असलेला विंचू

रेन आणि मार्टिन यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात एक विंचू आहे. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला तो चावतो, एवढीच घटना. पण ती सांगणारे वाक्य अशा बेताने रचले आहे की फाटकाशी माणूस नव्हे, विंचूच उभा होता असे वाचावे लागते. चूक मुद्दाम केलेली आहे, मुलांना दाखवण्यासाठी. फाटकाला टेकून वाट बघणारा विंचू डोळ्यांपुढे आला की वर्ग खिदळायचा, सर खडूने वाक्य दुरुस्त करायचे आणि पुढच्या नियमाकडे वळायचे. 1930च्या दशकात निघालेले हे पुस्तक आजही छापले जाते. त्याचे एक लेखक पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘बो जेस्ट’ ही 1924ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. उदाहरणात विंचू आला हे फार चांगले झाले. इंग्लंडमधल्या मुलाला विंचू चित्रातच पाहावा लागतो, इथल्या मुलाने तो सरपणाखाली पाहिलेला असतो.

तोच मुलगा मोठा होतो, पदवी घेतो, नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहायला बसतो आणि पहिलेच वाक्य लिहितो: ‘हॅविंग कम्प्लीटेड माय एम. कॉम., युअर कंपनी इज माय फर्स्ट चॉइस.’ त्याला म्हणायचे आहे की एम. कॉम. झाल्यावर तुमच्या कंपनीत काम करण्याची माझी पहिली इच्छा आहे. वाक्य मात्र सांगते की एम. कॉम. कंपनीने केले. विंचू पुन्हा फाटकाशी येऊन उभा राहिला आहे, आणि या वेळी तो कोणाच्या लक्षातही आलेला नाही.

जो मुलगा वर्गात हसला होता, त्याच्याच हातून हे का घडते? इंग्रजी कच्चे म्हणून, असे उत्तर पटकन दिले जाते. ते अपुरे आहे. या चुकीचे मूळ बऱ्याचदा चांगल्या मराठीत असते.

आधी इंग्रजी वाक्याची रीत पाहू. ‘हॅविंग कम्प्लीटेड’, ‘वॉकिंग टु द स्टेशन’, ‘आफ्टर रीडिंग द लेटर’ असे तुकडे वाक्याच्या तोंडाशी येतात तेव्हा त्यांत क्रिया असते, पण ती करणारा नसतो. चालतो कोण, वाचतो कोण, हे त्या तुकड्यात कुठेच लिहिलेले नसते. एसटी फलाटाला लागली की माणूस खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो आणि मग दाराकडे धावतो, तसा हा तुकडा आहे. रुमाल आधी आत पोचतो, मालक मागून येतो. स्वल्पविरामानंतरची पहिली जागा त्या मालकासाठी धरलेली असते. वाचणाराही तशीच अपेक्षा ठेवून वाचतो: स्वल्पविराम आला, आता कर्ता येईल, आणि येईल त्याच्या गळ्यात आधीची क्रिया घालायची. ‘वॉकिंग टु द स्टेशन, आय मेट माय अंकल’ या वाक्यात ‘आय’ येऊन आपल्या जागेवर बसतो, रुमाल त्याचाच. ‘वॉकिंग टु द स्टेशन, द रेन स्टार्टेड’ या वाक्यात तिथे पाऊस येऊन बसतो, आणि स्टेशनकडे पावसालाच चालत जावे लागते.

इंग्रजी व्याकरणात अशा तुकड्याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, म्हणजे ज्याला लटकायला खुंटी मिळाली नाही असे विशेषण.

आता मराठीकडे वळू. ‘स्टेशनवर चहा पिऊन गाडी सुटली’ असे कोणी म्हणाले तर मराठी कान लगेच अडतो. गाडीने चहा प्यायला? म्हणजे खुंटीला न लागलेले तुकडे मराठीलाही खपत नाहीत. पण ‘पिऊन’च्या जागी ‘पिताना’ घालून पाहा: ‘स्टेशनवर चहा पिताना गाडी सुटली.’ यात कुणालाही काही खटकत नाही. चहा पिणारा माणूस वाक्यात नाही, तरी तो गाडी नव्हे हे ऐकणाऱ्याला कळते. ‘घरी येताना पाऊस लागला’, ‘जेवायला बसल्यावर फोन वाजला’, ‘दार उघडताच मांजर आत शिरले’ ही सगळी निर्दोष मराठी वाक्ये आहेत. ‘ताना’, ‘ल्यावर’, ‘ताच’ या प्रत्ययांनी बनलेला तुकडा आपला कर्ता स्वतःजवळ बाळगू शकतो, बोलून दाखवला नाही तरीही. मुख्य वाक्याच्या कर्त्याशी त्याचे काही देणेघेणे नसते.

शाळेत मात्र ‘येताना’ म्हणजे ‘कमिंग’ किंवा ‘व्हाइल कमिंग’ असे समीकरण पाठ करून घेतले जाते. अर्थापुरते ते बरोबर आहे. वागणुकीच्या बाबतीत ते साफ फसवे आहे, कारण ‘येताना’ला जी मुभा आहे ती ‘कमिंग’ला नाही. ‘कमिंग होम, इट रेन्ड’ लिहिणाऱ्याने शब्दकोशाप्रमाणे काहीच चुकवलेले नसते. त्याने मराठी तुकड्याचा मोकळेपणा इंग्रजी तुकड्याला बहाल केलेला असतो. त्याला हवे आहे ते वाक्य असे: ‘व्हाइल आय वॉज कमिंग होम, इट रेन्ड.’ मधले ‘आय वॉज’ हे दोन शब्द गाळावेसे वाटतात, पण तेच रुमालाच्या मालकाला जागेवर आणून बसवतात.

‘ऊन’चा कारभार याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘राधाने घरी येऊन भाकरी भाजली.’ क्रियापद भाकरीप्रमाणे चालले आहे: भाकरी भाजली, भात शिजवला, वरण केले. तरी घरी भाकरी आली असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण ‘राधाने’ मधला ‘ने’ करणारा कोण ते सांगून मोकळा झाला आहे. राधाला वाक्याच्या शेवटाकडे न्या, मध्ये न्या, ‘ने’ तिच्याबरोबर जातो. मराठीत कर्त्याची ओळख त्याच्या अंगावर असते. इंग्रजीत ती बहुतांशी त्याच्या जागेवरून ठरते. म्हणूनच जागा चुकली की इंग्रजीत माणूस बदलतो.

त्यातही भावनांची वाक्ये सर्वांत धोक्याची. मराठीत आनंद माणसाला होतो, राग त्याला येतो, भूक त्याला लागते, आठवण त्याला येते. व्याकरणाने पाहिले तर ‘मला आनंद झाला’ या वाक्यात झाला तो आनंद. ‘मला’ हा बाजूला उभा आहे. तरी ‘ती बातमी ऐकून मला आनंद झाला’ हे वाक्य मराठीला पूर्ण मान्य आहे. ऐकले मी, झाला आनंद, आणि ‘ऐकून’ निवांतपणे ‘मला’शी जाऊन जुळते. एवढेच काय, ‘ते दृश्य पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले’ या वाक्यात पाहणारी बाई फक्त ‘तिच्या’ या एका शब्दापुरती आहे, तेवढीही मराठीला पुरते. हीच वाक्ये शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेली की ‘सीइंग द सीन, टिअर्स केम टु हर आइज’ असे काहीतरी तयार होते आणि दृश्य अश्रूंनी पाहिले असे ठरते. जुना फोटो पाहून आईची आठवण आली, हे ‘सीइंग द ओल्ड फोटो, मदर्स मेमरी केम’ असे उतरते. इंग्रजीत आठवण येत नाही, माणूस आठवतो. ‘सीइंग द ओल्ड फोटो, आय थॉट ऑफ माय मदर.’ भावनेचा मालक ‘मला’तून काढून ‘आय’मध्ये आणला की बाकीचे वाक्य आपसूक सरळ होते.

‘ऊन’ला एक अपवादही आहे, आणि तो रोज वर्तमानपत्रात दिसतो. वीज पडून दोन बैल दगावले. झाड कोसळून मोटारीचे नुकसान झाले. इथे पडली ती वीज, दगावले ते बैल. दोन कर्ते, एक ‘ऊन’, आणि तक्रार शून्य. तुकड्याने आपला कर्ता उघड सांगितला असेल आणि त्या घटनेतून दुसरी घटना घडली असेल, तर मराठी एवढी सवलत देते. इंग्रजीतही कर्ता सोबत घेऊन येणारे तुकडे आहेत; क्रिकेटच्या बातमीत ‘वेदर परमिटिंग’ हमखास भेटते. पण रोजच्या इंग्रजीत ते मोजकेच. बैलांची बातमी इंग्रजीत ‘व्हेन’ किंवा ‘आफ्टर’ घालून, दोन्ही कर्ते आपापल्या क्रियापदाशी बसवूनच द्यावी लागते.

‘माझा’, ‘माय’ हा शब्दही असाच दगा देतो. बँकेत जाताना माझा फोन चोरीला गेला. तक्रार लिहिणारा घाईत असतो, घाबरलेला असतो. तो लिहितो: ‘व्हाइल गोइंग टु द बँक, माय फोन वॉज स्टोलन.’ वाक्यात ‘माय’ आहे म्हणून आपण वाक्यात आहोत असे त्याला वाटते. पण जागेवर बसला आहे तो फोन, ‘माय’ फक्त त्याच्या पाठीला चिकटलेली चिठ्ठी आहे. बँकेत निघाला होता फोन. याच जातीचे दुसरे वाक्य: ‘ॲट द एज ऑफ फाइव्ह, माय फादर टुक मी टु मुंबई.’ पाच वर्षांचा बाप मुलाचे बोट धरून मुंबईला निघाला. इथे क्रियेचा तुकडा नाही, नुसते वय आहे, तरी नियम तोच. आणि ‘अनलाइक पुणे, द क्लायमेट ऑफ मुंबई इज ह्यूमिड’ या वाक्यात शहराची तुलना हवेशी होते. मराठीत ‘पुण्यापेक्षा मुंबईची हवा दमट’ एवढ्यावर भागते, इंग्रजीत शहरासमोर शहर बसवावे लागते: ‘अनलाइक पुणे, मुंबई हॅज अ ह्यूमिड क्लायमेट.’

कचेऱ्यांच्या भाषेत या सगळ्याला वेगळे वजन येते. ‘अर्जाची छाननी केली असता असे आढळून आले की’ हे मराठीतले सराईत वाक्य. त्यातले ‘असता’ फार सोयीचे आहे. त्याला कर्ता लागतच नाही. त्याचे इंग्रजी होते ‘ऑन स्क्रूटिनायझिंग द ॲप्लिकेशन, इट वॉज फाउंड दॅट’. छाननी कोणी केली? स्वल्पविरामानंतरच्या जागेवर ‘इट’ बसला आहे, आणि तो कोणीच नाही. ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्याला अपील करायचे असते, कोणाकडे दाद मागायची ते ठरवायचे असते. त्याच्या हातातल्या कागदावर छाननी आहे, निष्कर्ष आहे, तारीख आहे, फक्त माणूस नाही. इंग्रजी शैलीच्या पुस्तकांतून या दोषाची चर्चा बहुतेकदा गमतीदार उदाहरणांनी होते. पण या कागदापुढे तो गमतीचा विषय राहत नाही. ‘द स्क्रूटिनी कमिटी एक्झामिन्ड द ॲप्लिकेशन अँड फाउंड दॅट’ असे लिहायला एखादाच शब्द जास्त लागतो. तेवढ्यात अर्जदाराला पत्ता मिळतो.

इंग्रजीत ही चूक कोणी केलेलीच नाही असे मात्र नाही. सर्वांत नामांकित उदाहरण शेक्सपिअरचे आहे. ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्या अंकात मृत राजाचे भूत आपल्या मुलाला सांगते की, मी बागेत झोपलो असताना मला साप चावला अशी बातमी पसरवण्यात आली आहे. मूळ इंग्रजी ओळीची रचना रेन-मार्टिनच्या विंचवासारखीच आहे: झोपलेला राजा कर्त्याच्या जागेवर नाही, तिथे साप आहे, आणि व्याकरण काटेकोर लावले तर बागेत सापच झोपला होता. चारशे वर्षे प्रेक्षकांनी ती ओळ ऐकली आणि कोणाचा घोटाळा झाला नाही, कारण बोलणाऱ्या राजाला ते रंगमंचावर समोर पाहत होते. ही बातमी खोटी आहे, हेही भूत लगेच पुढे सांगते. राजाच्या कानात विष ओतले होते त्याच्या सख्ख्या भावाने. जिच्यातला करणारा जागेवर नाही अशी ओळ, आणि खरा करणारा लपवणारी बातमी, या दोन गोष्टी एकाच ठिकाणी याव्यात हे शेक्सपिअरने योजले होते की नाही हे सांगता येणार नाही, पण एकदा लक्षात आल्यावर ती ओळ पूर्वीसारखी वाचता येत नाही.

नियम पुस्तकांत पक्का झाला तो पुष्कळ नंतर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ही छोटी पुस्तिका छापून घेतली. तिच्यात त्यांनी बजावले की वाक्यारंभीचा असा तुकडा व्याकरणातल्या कर्त्यालाच लागू झाला पाहिजे. पुढे त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी ती 1959मध्ये वाढवून काढली आणि हा नियम अमेरिकन महाविद्यालयांत सर्वत्र पोचला. इंग्लंडात हेन्री फाउलर यांनी 1926च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात या तुकड्यांवर स्वतंत्र टिपण लिहिले.

मग दुसरी बाजूही पुढे आली. मेरियम-वेब्स्टरच्या 1989च्या वापरकोशाने नामवंत लेखकांची अशी कितीतरी वाक्ये गोळा करून दाखवली. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांचे म्हणणे असे की हा व्याकरणाचा भंग नव्हे, शिष्टाचाराचा प्रश्न आहे: वाचणाऱ्याला उगाच कोडे घालू नये. स्टीव्हन पिंकर यांनीही ‘द सेन्स ऑफ स्टाइल’ या 2014च्या पुस्तकात जवळपास हीच भूमिका घेतली. वाचक अडखळणार असेल तर वाक्य बदला, नसेल तर राहू द्या. वैज्ञानिक निबंधांत ‘युझिंग अ थर्मामीटर, द टेम्परेचर वॉज मेझर्ड’ अशी वाक्ये सर्रास येतात. मोजणारा संशोधक आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणी थांबत नाही.

ही उदार भूमिका खरी आहे, पण ती सर्वांना सारखी उपयोगी पडत नाही. नामवंत लेखकाच्या वाक्यात तुकडा लोंबकळला तर वाचक त्याला लकब म्हणतो. नांदेडहून किंवा कुडाळहून आलेल्या अर्जात तोच तुकडा लोंबकळला तर वाचणारा ‘इंग्रजी येत नाही’ असा शेरा मनात मारतो आणि पुढचा अर्ज उचलतो. हे अन्यायाचे आहे. तरी हा अन्याय टळावा म्हणून करायची मेहनत थोडी आहे, आणि ती शिकवण्यासारखी आहे.

काही तुकड्यांनी मात्र कर्त्याचे बंधन कायमचे सोडले आहे. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘कन्सर्निंग’, ‘अकॉर्डिंग टु’ हे एकेकाळी क्रियेचे तुकडे होते, आता ती संबंध दाखवणारी अव्यये झाली आहेत. ‘कन्सिडरिंग द रेन, द अटेंडन्स वॉज गुड’ हे वाक्य बिनदिक्कत लिहावे. पावसाचा विचार हजेरीने केला का, असे कोणी विचारत नाही. ‘ड्युरिंग’ हा शब्द तर इतका निर्मळ अव्यय झाला आहे की तो टिकणे, चालू राहणे अशा अर्थाच्या एका जुन्या क्रियापदापासून आला हे आता कोणाच्या ध्यानातही नसते. मराठीने हेच केले आहे. ‘पाऊस आला म्हणून सामना रद्द झाला’ यात कोण काय म्हणाले? ‘रविवार सोडून दुकान रोज उघडे असते’ यात रविवारला कोणी सोडले? ‘खरे पाहता यंदा आंबा कमी आहे’ यात पाहणारा कोण? ‘म्हणून’, ‘सोडून’, ‘वगळून’, ‘पाहता’ या शब्दांच्या पोटात क्रिया होती, वापरून वापरून ती झिजली.

झिजण्याच्या वाटेवर असलेल्या शब्दांवरून भांडणेही होतात. ‘होपफुली, द ट्रेन विल बी ऑन टाइम’ या वाक्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत केवढा वाद माजला. गाडीला आशा वाटते का, असा आक्षेप होता. आशा बोलणाऱ्याला वाटते आणि वाक्यात त्याला जागाच नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने हा वापर अखेर 2012च्या एप्रिलमध्ये मान्य केला. खरे तर ‘फ्रँकली’, ‘लकिली’ हे शब्द तसेच वापरले जात होते आणि त्यांना कोणी अडवले नव्हते.

विशेषणाची जागा चुकण्याचे प्रकार वाक्याच्या शेवटीही होतात. ग्राउचो मार्क्स यांनी ‘ॲनिमल क्रॅकर्स’ या 1930च्या चित्रपटात शिकारीची जी गोष्ट सांगितली ती अजून सांगितली जाते: सकाळी पायजमा घातलेल्या अवस्थेत हत्ती मारला, आणि पुढच्याच वाक्यात हत्ती त्या पायजम्यात कसा शिरला याचे नवल. सगळी करामत पायजम्याचे शब्द हत्तीला लागून आल्याची. मराठीत ‘शुद्ध गाईचे तूप’ ही पाटी त्याच घराण्यातली आहे. शुद्ध तूप हवे असते, शुद्ध ठरते गाय. ‘मी पळताना त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला पळताना पाहिले’ या दोन वाक्यांत तर एका शब्दाच्या जागेने पळणारा माणूस बदलतो. म्हणजे जागेचे महत्त्व मराठीला नवखे नाही.

न्यायालयांत या जागेची किंमत पैशात मोजली जाते. अमेरिकेत 1991च्या एका कायद्याने आपोआप नंबर फिरवणाऱ्या यंत्रांवर बंधने घातली. अशा यंत्राची व्याख्या करताना कायद्याने दोन कामे सांगितली, दूरध्वनी क्रमांक साठवणे किंवा तयार करणे, आणि त्यांच्यापुढे स्वल्पविराम देऊन ‘युझिंग’ने सुरू होणारा एक तुकडा जोडला: यादृच्छिकपणे किंवा क्रमाने आकडे काढणारे साधन वापरून. हा तुकडा फक्त ‘तयार करणे’ला लागतो की ‘साठवणे’लाही? फेसबुकविरुद्धचा खटला या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नुसते साठवणे पुरेसे धरले असते तर प्रत्येक खिशातला मोबाइल त्या व्याख्येत आला असता. 2021च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने निकाल दिला की तुकडा दोन्ही क्रियांना लागतो, आणि फेसबुक जिंकले. स्वल्पविराम कशासाठी आला आहे, यावर निकालपत्रात गंभीरपणे चर्चा झाली.

परत त्या अर्जाकडे येऊ. वाक्य कागदावर तसेच आहे: ‘हॅविंग कम्प्लीटेड माय एम. कॉम., युअर कंपनी इज माय फर्स्ट चॉइस.’ ते दुरुस्त करताना पेन्सिल स्वल्पविरामावर ठेवावी आणि मराठीत विचारावे, ‘कोणी?’ एम. कॉम. कोणी केले? मी. मग स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द ‘आय’ आहे का? नाही, ‘युअर कंपनी’ आहे. एवढ्याने दोष सापडतो, व्याकरणाचे एकही नाव आठवावे लागत नाही. दुरुस्तीचे मार्ग पुष्कळ. जागेवरचा माणूस बदलता येतो: ‘हॅविंग कम्प्लीटेड माय एम. कॉम., आय विश टु वर्क इन युअर कंपनी.’ किंवा तुकड्यालाच कर्ता देता येतो: ‘नाउ दॅट आय हॅव कम्प्लीटेड माय एम. कॉम.’ असे लिहिले की पुढे कोणीही येऊन बसले तरी चालते, कारण रुमालाचा मालक आधीच आत येऊन बसला आहे. पण नवशिक्याला सांगायचे तर तिसरा मार्ग सांगावा. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय एम. कॉम. आय वुड लाइक टु वर्क इन युअर कंपनी.’ दोन छोटी वाक्ये, प्रत्येकाच्या तोंडाशी त्याचा कर्ता. अशी वाक्ये बाळबोध दिसतात अशी भीती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या मनात खोल बसलेली असते. ‘हॅविंग’ने सुरुवात केली की इंग्रजी भारदस्त होते असे त्यांना वाटते. अर्ज वाचणाऱ्याला भारदस्तपणा नको असतो. समोरच्या माणसाने काय शिक्षण घेतले आणि त्याला काय हवे आहे, हे त्याला एका नजरेत कळायला हवे असते.

त्याच अर्जाच्या तळाशी आणखी एक तुकडा आहे, आणि तो इथल्या जवळपास प्रत्येक अर्जाच्या तळाशी असतो: ‘थँकिंग यू’. शाळेत रजेच्या अर्जापासून तो शिकवला जातो. आभार कोण मानतो आहे? तुकड्यात कोणी नाही, पुढे स्वल्पविराम आहे आणि त्याच्यापुढे वाक्यच नाही. जुन्या इंग्रजी पत्रांत वाक्य होते. ‘थँकिंग यू’च्या पुढे ‘आय रिमेन’ असे दोन शब्द येत आणि त्याखाली ‘युअर्स फेथफुली’. आपले आभार मानून मी आपला विश्वासू राहतो, असे ते सलग एक वाक्य होते आणि त्याचा कर्ता ‘आय’ होता. पत्रे आटोपशीर होत गेली तसे मधले दोन शब्द गळले. आधीचा तुकडा आणि नंतरची सही तेवढी उरली. ज्याला हा तुकडा खटकत असेल त्याने ‘आय थँक यू’ लिहावे, काहीच बिघडत नाही. पण वाचणारा तिथे अडखळत नाही हेही खरे. ‘कोणी?’ हा प्रश्न मनात उठायच्या आत त्याची नजर खाली उतरते, आणि तिथे निळ्या शाईत अर्जदाराचे नाव असते.